स्वराज्यस्थापनेचे चित्रपट

छत्रपती शिवाजी महाराज व त्यांचे सहकारी यांनी सतराव्या शतकात केलेल्या राज्यस्थापनेवर आधारलेले मराठी ऐतिहासिक चित्रपट. मूकपटांच्या काळात, १९२० नंतरच्या दशकात, कोल्हापूर येथे या प्रकाराचा पाया घातला गेला आणि पुढे बोलपटांच्या काळात भालजी पेंढारकर यांनी त्याला निश्चित रूप दिले. शालेय पाठ्यपुस्तक, पोवाडा व कादंबरी यांच्या बरोबरीने, आणि काही पिढ्यांच्या बाबतीत त्यांच्याहूनही अधिक, या चित्रपटांनी स्वराज्याच्या जन्माचे चित्र मराठी मनावर उमटविले. त्यामुळे त्यांचा विचार केवळ करमणुकीचा एक प्रकार म्हणून करून भागत नाही. त्यांनी इतिहासातले काय उचलले व काय बाजूस ठेवले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

राष्ट्राच्या जन्माची कथा पडद्यावर भव्य प्रमाणात मांडण्याची प्रथा अमेरिकेत चित्रपटाच्या आरंभकाळीच रूढ झाली. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याचा द बर्थ ऑफ अ नेशन (१९१५) हा तीन तासांहून अधिक लांबीचा मूकपट तंत्राच्या दृष्टीने युगप्रवर्तक ठरला. परंतु कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेचे त्यात उदात्तीकरण असल्यामुळे कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी त्याला तीव्र विरोध केला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरील चित्रपटांची गोष्ट वेगळी आहे. रॉबर्ट गोल्डस्टीन याने १९१७ मध्ये द स्पिरिट ऑफ '७६ हा चित्रपट काढला. त्यात इंग्रज सैनिकांचे अत्याचार दाखविले होते आणि त्या वेळी इंग्लंड हे अमेरिकेचे युद्धातील मित्रराष्ट्र होते. चित्रपट जप्त झाला व निर्मात्याला हेरगिरीविरोधी कायद्याखाली दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली; ती पुढे तीन वर्षांवर आणली गेली. स्वतंत्र देशात, दीडशे वर्षांपूर्वीच्या घटनांबद्दल ही स्थिती असेल, तर प्रत्यक्ष इंग्रजी अंमलाखाली राज्यस्थापनेची कथा चित्रित करणाऱ्याला किती जपून पावले टाकावी लागली असतील, याची कल्पना येते.

मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे १९२० मध्ये सेन्सॉर मंडळे स्थापन झाली. त्यांना आधार होता तो १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचा. त्याच वर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा पहिला मूकपट प्रदर्शित झाला. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. ते व त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याबद्दल ख्यातनाम होते. आनंदरावांच्या निधनानंतर (१९१६) बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःचा कॅमेरा तयार केला. परदेशी यंत्र विकत घेण्याऐवजी ते घडविण्याची ही जिद्द कोल्हापूरच्या कारागिरीच्या परंपरेला साजेशीच होती. रंगविलेल्या सपाट पडद्याऐवजी त्यांनी घन नेपथ्य वापरले. वेशभूषा, नेपथ्य व जाहिरातीची भित्तिपत्रके यांवर एकाच चित्रकाराची नजर असल्यामुळे त्यांच्या मूकपटांना एकसंध दृश्यरूप लाभले.

बाबूरावांचा सिंहगड (१९२३) हा या परंपरेचा खरा आरंभ. कथानक हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवरून घेतले होते. शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली, तर म्हाताऱ्या शेलारमामाच्या भूमिकेत विशीतले व्ही. शांताराम (१९०१–१९९०) होते. कोंढाण्यावरील चढाई रात्रीची. उन्हात चित्रण करून फिल्मला निळा रंग देण्याची त्या काळची सर्वसाधारण पद्धत सोडून बाबूरावांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. हे भारतीय चित्रपटातील एक महत्त्वाचे पाऊल मानले जाते. दिवसाच्या प्रकाशात जिंकलेला सिंहगड कोणाला पटला असता?

इतिहासाच्या दृष्टीने मात्र या कथेचे धागे सोडवून पाहिले पाहिजेत. तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला व त्या लढाईत ते कामी आले, हे निर्विवाद आहे. कड्यावर चिकटणारी घोरपड ही पोवाड्याची देणगी असून सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत कडा चढणारे मावळे आहेत, घोरपड नाही. तानाजींच्या मृत्यूनंतर गडाला सिंहगड हे नाव मिळाले, ही समजूतही टिकत नाही. कारण १६६३ च्या पत्रात ते नाव आढळते. कादंबरीतील कमलकुमारी ही रजपूत स्त्री आपट्यांची निर्मिती होय. पोवाड्यातून कादंबरीत आणि कादंबरीतून पडद्यावर येताना प्रत्येक टप्प्यावर कथेत भर पडत गेली आणि पडद्याने तिला डोळ्यांनी पाहिल्याची खात्री दिली. कल्याण खजिना (१९२४) या मूकपटाचेही असेच आहे. वेम्बली येथील प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी सन्मानाने परत पाठविल्याच्या ज्या प्रसंगाशी ही कथा निगडित आहे, त्याला समकालीन साधनांत आधार सापडत नाही. महाराजांच्या स्त्रीविषयक धोरणाचे इतर भक्कम पुरावे उपलब्ध असताना लोकांच्या लक्षात राहिला तो नेमका हा प्रसंग.

बाबूरावांच्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. मुरलीवाला व सती सावित्री (दोन्ही १९२७) यांचे काही भाग उपलब्ध आहेत. नायट्रेटवर आधारलेली जुनी फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे, शिवाय खेळ संपल्यावर जुन्या प्रती जपण्याची त्या काळी कोणाला गरजही वाटली नाही. मराठी चित्रपटाच्या इतिहासकाराला त्यामुळे या काळाविषयी छायाचित्रे, जाहिराती, परीक्षणे व सहभागी कलावंतांच्या आठवणी यांवरच विसंबावे लागते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतच शांताराम यांनी नेताजी पालकर (१९२७) या मूकपटाने दिग्दर्शनास प्रारंभ केला. पुढे दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दुसऱ्याच वर्षी या संस्थेने स्वराज्याचे तोरण या नावाचा मूकपट तयार केला. त्यात शांताराम हेच शिवाजी महाराज झाले होते. तोरण बांधणे म्हणजे शुभकार्याचा आरंभ करणे, आणि परंपरेनुसार महाराजांनी प्रथम हस्तगत केलेला किल्ला तोरणा. असा दुहेरी अर्थ त्या नावात होता. परंतु वर्ष होते १९३०. मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली होती, देशभर कायदेभंग सुरू होता आणि स्वराज्य हा शब्द सतराव्या शतकाचा उरला नव्हता. सेन्सॉर मंडळाने नावास हरकत घेतली, काही दृश्यांना कात्री लावली आणि चित्रपट उदयकाल या नावाने प्रदर्शित झाला. बदललेल्या नावाचा अर्थही प्रेक्षकांना समजायचा तोच समजला असणार. इंग्रजीत त्याला 'डोंगरांचा गडगडाट' अशा अर्थाचे नाव देण्यात आले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचा संदर्भ पुढे येईल.

ग्रिफिथच्या अमेरिका (१९२४) या स्वातंत्र्ययुद्धावरील चित्रपटालाही इंग्लंडमध्ये नाव बदलून व काटछाट करून जावे लागले होते. साम्राज्याला नावांचे भय वाटते, ते उगाच नव्हे. मात्र एका दृष्टीने कोल्हापूरच्या निर्मात्यांची अडचण अधिक कठीण होती. ग्रिफिथच्या कथेत शत्रू इंग्रजच होता आणि तो तसा दाखविता येत होता. कोल्हापूरच्या पडद्यावर शत्रू आदिलशाही किंवा मोगल असे. इंग्रज प्रेक्षकांच्या मनात असे. वर्तमानाविषयीची सारी भावना भूतकाळातल्या दुसऱ्याच शत्रूवर ओतण्याची ही सवय या चित्रपटांना लागली. स्वातंत्र्यानंतर तिची गरज उरली नाही, तरी सवय गेली नाही. शिवकालीन संघर्ष हा दोन धर्मांमधील सरळ सामना म्हणून रंगविण्याची जी प्रवृत्ती नंतरच्या काही चित्रपटांत दिसते, तिचे एक मूळ येथे आहे. प्रत्यक्षात कोंढाण्याचा मोगल किल्लेदार उदयभान हा रजपूत होता आणि महाराजांच्या सैन्यात व आरमारात मुसलमान अधिकारी होते, या गोष्टी त्या सरळ मांडणीत नीट बसत नाहीत.

बोलपट आल्यावर प्रभातने सिंहगड पुन्हा, या वेळी आवाजासह, काढला (१९३३). त्याच वर्षी संस्था पुण्यास गेली व तिची दृष्टी सामाजिक आणि संतचरित्रपर विषयांकडे वळली. ऐतिहासिक चित्रपटाचा वारसा कोल्हापुरात उरला तो भालजी पेंढारकर यांच्याकडे. भालजींचा सेन्सॉरशी परिचय जुना होता; त्यांच्या वंदे मातरम् आश्रम या मूकपटावर इंग्रजी शिक्षणपद्धतीवरील टीकेमुळे बरीच काटछाट झाली होती. नेताजी पालकर (१९३९), थोरातांची कमळा (१९४१) व बहिर्जी नाईक (१९४३) या बोलपटांतून त्यांनी शिवकालाची स्वतःची अशी एक सृष्टी उभी केली. पल्लेदार संवाद, मावळी रांगडेपणा, घोडदौड, आणि राजापेक्षाही राजाच्या माणसांवर असलेला भर ही तिची वैशिष्ट्ये होत. गुप्तहेर, किल्लेदार, शेतकरी, सरदाराची मुलगी अशा व्यक्तींच्या डोळ्यांनी स्वराज्य पाहण्याची ही रीत त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ हे भालजींचे कार्यक्षेत्र. महात्मा गांधींच्या हत्येनंतर जानेवारी–फेब्रुवारी १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांची जी जाळपोळ झाली, तीत हा स्टुडिओही भस्मसात झाला. तयार होत असलेल्या मीठभाकर या चित्रपटाच्या फिल्मचीही राख झाली. भालजींनी तो पुन्हा काढला. अठरापगड जातींच्या मावळ्यांना एकत्र आणणाऱ्या राजाची कथा सांगणाऱ्या वास्तूवर जातिद्वेषाच्या ज्वाळांनी घाला घालावा, ही घटना या परंपरेच्या इतिहासात विसरता येणार नाही. त्याच भूमीवर पुन्हा उभ्या केलेल्या स्टुडिओतून चार वर्षांनी छत्रपती शिवाजी (१९५२) हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला.

या चित्रपटाला स्वराज्यस्थापनेच्या चित्रपटांत मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल. नायकाची भूमिका चंद्रकांत मांढरे (१९१३–२००१) यांनी केली. ते स्वतः चित्रकार होते आणि त्यांची देहयष्टी, नजर व संथ वाणी यांनी महाराजांची जी प्रतिमा निर्माण केली, ती पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. मिर्झाराजे जयसिंग यांच्या भूमिकेसाठी पृथ्वीराज कपूर यांची योजना होती. भालजींच्या वाल्मीकि (१९४६) मध्येही त्यांनी काम केले होते. प्रतिपक्षाच्या सेनापतीला एवढ्या तोलाचा नट देणे ही साधी बाब नव्हे. पुरंदरचा तह (१६६५) हा महाराजांच्या आयुष्यातील सर्वांत कडू प्रसंग, आणि तो घडवून आणणारा पुरुष शूर, मुत्सद्दी व वयोवृद्ध होता. त्याला हलका दाखविला असता, तर तहाचे गांभीर्यच नाहीसे झाले असते. पवनखिंड (१९५६), मोहित्यांची मंजुळा (१९६३), मराठा तितुका मेळवावा (१९६४) व गनिमी कावा (१९८१) हे भालजींचे नंतरचे शिवकालीन चित्रपट. यांपैकी मंजुळा व मराठा तितुका मेळवावा यांचे संगीत लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' या नावाने दिले. भालजींना १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

मूकपटापासून गनिमी कावापर्यंतची ही मालिका एकत्रितपणे पाहिली, तर पडद्यावरचे स्वराज्य हे मुख्यतः गडांचे व खिंडींचे राज्य आहे, असे दिसून येते. उदयकालच्या इंग्रजी नावातही डोंगरच होते. याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पोवाडे आणि आपट्यांच्या कादंबऱ्या गडांभोवती फिरतात. कोल्हापूरहून पन्हाळगड अवघ्या वीस किमी.वर असून जोतिबाचा डोंगर त्याच्या शेजारी आहे. घोडे, तालमीत कसलेली माणसे व पट्टा फिरविणारे हात तेथे सहज मिळत. एका रात्रीत, एका कड्यावर, मोजक्या माणसांनी केलेला पराक्रम तीन तासांच्या खेळात उत्तम बसतो. समुद्र मात्र घाट उतरून शंभर किमी.हून अधिक दूर होता आणि जहाजांचा ताफा उभारणे कोल्हापूरच्या निर्मात्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. बेन-हर (१९२५) मधील नाविक युद्धासाठी अमेरिकन कंपनीने इटलीच्या किनाऱ्यावर खरी जहाजे बांधून घेतली. येथे नेपथ्याचे लाकूडदेखील जपून वापरावे लागे.

परंतु इतिहासात किनारा गडांपासून वेगळा काढता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. वासिष्ठी नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव बहमनी व आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदरांपैकी एक होते. रशियन प्रवासी अफानासी निकितीन याने परतीच्या प्रवासासाठी येथेच जहाज गाठले. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस ते जाळून लुटले, तरी बंदर सावरले. काठाजवळ उभी असलेली आदिलशाही शैलीतील मोठी मशीद त्या वैभवाची साक्ष देते.

प्रतापगडच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान मारला गेला, हा प्रसंग पडद्यावर अनेकदा आला आहे. त्यानंतर काय घडले, ते मात्र फारसे आलेले नाही. एकीकडे मराठी फौजेने पन्हाळा घेतला आणि दुसरीकडे एक तुकडी कोकणात उतरली. खानाची मालवाहू जहाजे दाभोळच्या बंदरात होती. तेथील आदिलशाही अंमलदाराने ती राजापुरास नेली. मराठी तुकडी मागोमाग तेथे पोहोचली आणि जहाजांच्या मागणीवरून राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांशी तंटा झाला. जानेवारी १६६० मध्ये फिलिप गिफर्ड हा इंग्रज मराठ्यांच्या कैदेत पडला. त्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा व दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजी निशाण फडकावून गडावर मारा करण्यात आला. १३ जुलै १६६० चे घोडखिंडीचे युद्ध व बाजीप्रभूंचे बलिदान याच वेढ्याच्या अखेरचे होत. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाचा पाडाव केल्यावर महाराज दक्षिण कोकणात उतरले. दाभोळ त्यांच्या अमलाखाली आले आणि मार्चमध्ये राजापूरची वखार लुटून रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी कैद करण्यात आले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली.

म्हणजे पावनखिंडीच्या कथेची एक दोरी दाभोळच्या धक्क्याला बांधलेली आहे. बंदर हाती आल्याने जकात मिळाली, खाडीत जहाजे बांधता आली, घाटावरचे राज्य सागरी व्यापाराशी जोडले गेले. सिंधुदुर्गाच्या बांधकामास १६६४ मध्ये प्रारंभ झाला आणि पुढील वर्षी महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरवर गेले, तो याच धोरणाचा पुढचा भाग. इंग्रजी राजवटीत पन्हाळ्याखालच्या इंग्रजी तोफा व निशाण पडद्यावर दाखविणे कोणाही निर्मात्याला जड गेले असते. सेन्सॉर मंडळाने ती दृश्ये ठेवू दिली असती, असे वाटत नाही. पैसा, भूगोल व सेन्सॉर अशा तिन्ही कारणांनी किनारा कथेबाहेर राहिला. त्याबरोबर राज्यस्थापनेची न दिसणारी बाजूही बाहेर राहिली: महसूल, मीठ, जकात, जहाजबांधणी, परदेशी वखारवाल्यांशी झालेला पत्रव्यवहार. शौर्याच्या जोडीला व्यवहाराची ही शिस्त नसती, तर जिंकलेले गड फार काळ टिकले नसते.

संगणकीय दृश्यतंत्राने २०१० नंतर खर्चाचे कारण बरेचसे दूर केले. फर्जंद (२०१८), फत्तेशिकस्त (२०१९), हिंदीतील तान्हाजी (२०२०), पावनखिंड (२०२२), शेर शिवराज (२०२२) व सुभेदार (२०२३) या चित्रपटांनी स्वराज्यस्थापनेचा विषय नव्या पिढीपुढे मोठ्या यशाने आणला. हवे तेवढे सैन्य, हवे तसे कडे आता पडद्यावर उभे करता येतात, मग गलबते का येऊ नयेत? तरीही निवडलेले प्रसंग पाहता पन्हाळा, लाल महाल, कोंढाणा, घोडखिंड व प्रतापगड हीच नावे पुन्हा पुढे येतात. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये कृत्रिम प्रकाशात उजळलेला गड शंभर वर्षांनीही प्रेक्षकांना तितकाच हवा आहे. सुभेदार हा चित्रपट तर सिंहगडच्या शताब्दीच्या वर्षीच, त्याच तानाजींवर निघाला.